वरच्या डेकाच्या वर

आमच्या घरातला एक माणूस दोन इंग्रजी शब्दांपायी चाळीस वर्षे खोटा ठरला होता. ते शब्द म्हणजे 'अपर डेक', आणि तो माणूस म्हणजे माझे चुलत आजोबा. घरात त्यांना आबा म्हणत. गावात मात्र त्यांचे नाव 'अपरडेक आबा' असे पडले होते, आणि ते इतके रुळले होते की लहानपणी मी ते आमचे दुसरे आडनावच समजत असे.

आमचे आष्टा हे सांगली-इस्लामपूर रस्त्यावरचे गाव. आबांच्या तरुणपणी ते सातारा जिल्ह्यात होते, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले, आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. गाव आपले जागच्या जागी, काळ्या रानात, उसाच्या नि हळदीच्या वासात. समुद्राचा आणि आमचा संबंध मिठापुरता. पाण्यावरचे वाहन म्हणाल तर कृष्णेवरची नाव, आणि पूर आला की काहील. गुऱ्हाळात रस आटवायची ती भली मोठी कढई पाण्यात सोडायची, तीत चार माणसे बसवायची आणि पोहणाऱ्या गड्यांनी ती ढकलत पैलतीराला न्यायची, हा आमच्याकडचा नौकानयनाचा परमोच्च प्रकार. काहिलीला मजले नसतात. त्यामुळे 'डेक' हा शब्द गावात प्रथम आला तो आबांच्या पत्रातून.

१९१६ साली आबा मराठा पलटणीत भरती झाले. त्या महायुद्धात आमच्या मुलखातून माणसे कशी गेली हे सांगायला साताऱ्याजवळचे अपशिंगे पुरेसे आहे. त्या एका गावचे ४६ जण परत आले नाहीत. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात सापडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ते ठाणे शरण गेले, आणि तुर्कांच्या कैदेत गेलेल्यांच्या जागी नवी माणसे हवी होती. शिकाऊ शिपाई तयार होताच त्यांची रवानगी होई. आबा टाकारीच्या स्टेशनावरून पुण्याला नि तेथून मुंबईला गेले, आणि १९१७ च्या उन्हाळ्यात आगबोटीत बसून बसऱ्याला पोचले.

पोचल्यावर त्यांनी कंपनीतल्या एका लिहित्या गड्याकडून घरी पत्र धाडले. ते पत्र आमच्या सोप्यात गावातल्या एका मास्तरांनी मोठ्याने वाचले. ख्यालीखुशालीनंतर त्यात असे होते की, आम्हांस जहाजात अपर डेकावर ठेवले होते, फार उकडे, आणि आमच्या डोक्यावर रात्री बूट घातलेली माणसे चालत, त्यामुळे झोप लागत नसे. मास्तर तेथे थांबले. त्यांना इंग्रजी येत होते. 'अपर' म्हणजे वरचा, हे त्यांनी जमलेल्या मंडळींना समजावून दिले. मग त्यांनी विचारले, वरच्याच्या वर आणखी माणसे चालतील कशी? वर असेल तर ते आकाश. आणि वर वारा खात निजलेल्या माणसाला उकडेल कसे? मंडळींनी माना डोलावल्या. पत्रात एक तर अतिशयोक्ती होती, नाही तर आबांना बोट लागून भ्रम झाला होता.

१९१९ साली आबा परत आले. पारावर बसले की कोणीतरी विचारायचेच, "आबा, वरच्याच्या वर कोन चालत हुतं वो?" आबा पहिल्याने चिडून सांगत, शपथा घेत. पुढे पुढे नुसते उठून जात. त्या थट्टेचा खरा परिणाम असा झाला की त्यांनी युद्धाची हकीकत सांगणेच सोडले. ज्याचे पहिलेच वाक्य लोकांनी खोटे ठरवले, तो पुढची वाक्ये कशाला बोलेल? दोन वर्षे इराकात काढलेला माणूस १९६१ मध्ये वारला. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. त्यांच्याकडून मेसोपोटेमियाबद्दल मी ऐकलेला एकूण मजकूर एका पोस्टकार्डावर मावेल.

यानंतर एकदम १९९८ सालाकडे यावे लागते. 'टायटॅनिक' हा चित्रपट पाहून सांगलीहून आलेली आमच्या शाळेतली पोरे त्या जहाजाच्या पायी वेडी झाली होती. त्यांतल्या एकाने कुठल्याशा पुस्तकातला त्या जहाजाचा उभा छेद मोठ्या कागदावर उतरवून वर्गात आणला. एकाखाली एक मजले आखून प्रत्येकाचे इंग्रजी नाव शेजारी लिहिले होते. कागद माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "सर, यात काहीतरी चूक आहे. अपर डेक बघा कुठं आलाय!"

मी पाहिले. सर्वांत वर बोट डेक. त्याखाली प्रॉमेनेड डेक, मग ब्रिज डेक, मग शेल्टर डेक, मग सलून डेक. आणि त्याच्याखाली, वरून सहावा, अपर डेक! त्याहून खाली मिडल, मग लोअर, आणि सर्वांत तळाशी ऑर्लॉप. पोराची चूक नव्हती. जहाजाच्या नकाशात तसेच आहे. त्या 'अपर' म्हणवणाऱ्या मजल्याच्या डोक्यावर पाच मजले होते, आणि पाचांवर माणसे चालत होती. त्या दिवशी तास कसा संपवला ते मला आठवत नाही.

पुढे निवृत्त झाल्यावर मी या नावांच्या मागे लागलो. गमतीची गोष्ट अशी की, ज्यांना आपण मजले समजतो ते मुळात मजले नव्हतेच. 'डेक' हा शब्द डच भाषेतून इंग्रजीत आला, आणि त्याचा मूळ अर्थ छप्पर, आच्छादन असा आहे. उघड्या पडावात पाणी येऊ नये, मालावर पाऊस पडू नये, म्हणून वर फळ्या ठोकल्या, तो डेक. पायाखालची जमीन हा त्याचा अर्थ मागाहून झाला, कारण छप्पर पक्के असेल तर माणूस त्यावर उभा राहणारच. तळाजवळच्या ऑर्लॉपचेही तसेच: डचांचा 'ओव्हरलोप', म्हणजे मालाच्या कोठारावर पसरलेले झाकण. तेव्हा जहाजातला प्रत्येक डेक हा एकाचे छप्पर नि दुसऱ्याची जमीन असतो, आणि त्याला नाव कोणी द्यायचे, खालच्याने की वरच्याने, हा प्रश्न पहिल्यापासूनच आहे.

जुन्या लढाऊ जहाजांत नावे तोफांवरून पडली. तोफांची रांग जेथे असे तो गन डेक. रांगा दोन असल्या तर खालचा नि वरचा. पुढच्या नि मागच्या टोकांना धनुर्धाऱ्यांसाठी लाकडी बुरूज उभारण्याची मध्ययुगात चाल होती. बुरूज गेले, पण पुढच्या भागाला 'फोरकासल', म्हणजे पुढचा किल्ला, हे नाव चिकटले ते आजतागायत. मागच्या टोकाचा 'पूप' हा लॅटिनमधल्या पिछाडीवाचक शब्दावरून आला आहे. मुख्य डोलकाठीच्या मागचा क्वार्टरडेक हा कप्तानाचा.

यातले अगदी आपल्या घरचे उदाहरण म्हणजे मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही फ्रिगेट. ती १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडली. खडकीची लढाई व्हायला तेव्हा चोवीस दिवस उरले होते. ते सागवान इतके टिकले की ती बोट अजून तरंगते आहे, इंग्लंडात हार्टलपूल येथे लोकांना पाहण्यासाठी ठेवलेली आहे. आता या बोटीत तोफांची मुख्य रांग ज्या मजल्यावर आहे, त्याला नाविक भाषेत अपर डेक म्हणत. आणि त्याच्या वर? पुढे फोरकासल, मागे क्वार्टरडेक, आणि त्या दोहोंवर माणसे चालत. टायटॅनिकच्या पंचाण्णव वर्षे आधी, मुंबईत, पारशी सुतारांच्या हातांनी बांधलेल्या बोटीत वरच्याच्या वर चालणारी माणसे होती. आमच्या मास्तरांना हे कोणी सांगायला हवे होते.

'अपर' म्हणजे सर्वांत उंच नव्हे, हे एकदा ध्यानात आले की कोडे सुटते. नाळेपासून पिछाडीपर्यंत अखंड गेलेला, जहाजाच्या सांगाड्याला बांधून ठेवणारा असा जो शेवटचा डेक, तो अपर. जहाजाचे जहाजपण तेथे संपते. त्यावर जे काही उभारले ते, घरावरच्या गच्चीत पत्र्याची खोली बांधावी तसे, वरकड बांधकाम. त्याला अपर म्हणता येत नाही, कारण ते नाव आधीच खाली दिलेले असते. आगबोटींच्या काळात ही वरकड बांधकामे वाढत गेली, आणि प्रत्येकाला नवे नाव शोधावे लागले. चांदणी ताणली तो ऑनिंग डेक, वाऱ्याच्या तोंडी असलेला हलका सज्जा तो हरिकेन डेक, सुकाण्याच्या नि कप्तानाच्या चौकीभोवतीचा तो ब्रिज डेक.

पण शेल्टर डेकाची कथा निराळी. शेल्टर म्हणजे आडोसा, आणि हा आडोसा पावसापासून जितका तितकाच करापासूनही होता. इंग्रजांच्या १८५४ च्या व्यापारी जहाजांच्या कायद्याने शंभर घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक टन, असे जहाजाचे माप ठरवले. बंदराची पट्टी या टनांवर. तेव्हा मालकांनी शोधून काढले की अपर डेकाच्या वर आणखी एक अखंड छप्पर घालावे, मात्र त्यात एक भोक ठेवावे, ज्याला कायमचे झाकण नाही. भोक आहे म्हणजे जागा उघडी, उघडी म्हणजे मापात नाही. त्या 'उघड्या' जागेत माल भरायचा, माणसे भरायची, आणि त्या छपराला अपर डेक हे नाव चुकूनही द्यायचे नाही, कारण तसे म्हटले की मोजणीदार फूटपट्टी घेऊन तेथवर चढला! घरपट्टीच्या मोजणीला माणूस येणार असे कळले की पडवीची एक तट्टी काढून ठेवणारे गृहस्थ आपणही पाहिले आहेत. सातासमुद्रांवर हाच खेळ शंभर वर्षे चालला. १९६९ मध्ये मोजणीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८२ मध्ये तो अमलात आला, तेव्हा या भोकांचा कारभार आटोपला.

म्हणजे जहाजाच्या नावांत तीन थर आहेत. तळाकडची नावे सुतारांची नि गोलंदाजांची, मधली कायदेकानूंची. आणि अगदी वरची? ती उतारूंची, तीही पैसेवाल्या उतारूंची. प्रॉमेनेड म्हणजे शतपावली; पहिल्या वर्गाच्या मंडळींनी जेवणानंतर फिरावे म्हणून तो डेक. सलून डेक म्हणजे न्हाव्याचे दुकान नव्हे, ते जेवणघर. टायटॅनिकवर हजामतीची दुकाने होती, पण ती दुसऱ्याच मजल्यांवर. पुढे सन डेक आणि स्पोर्ट्‌स डेक आले. इटालियन जहाजांनी व्हेनिसजवळच्या पुळणीचे नाव उचलून 'लिडो' आणला. आजच्या सहलीच्या जहाजांवर तर नावे जाहिरातखातेच ठरवते. त्यांत इतिहास शोधण्यात अर्थ नाही.

अक्षरांची पद्धत याच काळातली. इतकी नावे नोकरांना नि उतारूंना लक्षात राहीनात, म्हणून ए, बी, सी. पण त्यातही एकमत नाही. टायटॅनिकवर ए म्हणजे प्रॉमेनेड, बोट डेकाच्या लगेच खालचा. तेथून मोजत गेले की आपला अपर डेक 'ई' होतो. 'क्वीन मेरी' हे १९३६ चे प्रसिद्ध जहाज आता कॅलिफोर्नियात लाँग बीचला हॉटेल होऊन राहिले आहे. तेथे स्पोर्ट्‌स, सन, प्रॉमेनेड, मेन एवढी नावे संपल्यावर मग ए सुरू होतो. एका जहाजावर 'ए'त राहणारा उंची खोलीतला, दुसऱ्यावर तो चार जिने खाली. टायटॅनिकच्या 'ई' डेकावर, म्हणजे त्या अपर डेकावर, डाव्या अंगाने एक लांबलचक बोळ गेला होता. खलाशी नि तिसऱ्या वर्गाचे उतारू त्यातून ये-जा करीत, आणि त्याला ते लिव्हरपुलातल्या एका रस्त्यावरून 'स्कॉटलंड रोड' म्हणत. नकाशातले अपर हे नाव त्यांच्या तोंडी नव्हते. वर राहणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि खाली राहणाऱ्याला ते पटण्याचे कारण नव्हते!

नावे जागेची असतात ती हळूहळू माणसांना लागतात, हे आपल्या मुंबईत फार स्पष्ट दिसले. आरमारात क्वार्टरडेक म्हणजे अधिकारी आणि लोअर डेक म्हणजे साधे नाविक. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार'वरच्या नाविकांनी संप पुकारला, तो या लोअर डेकाचा उठाव. आता 'तलवार' हे जहाज नव्हतेच. ती मुंबईच्या जमिनीवरची, संदेशवहन शिकवणारी शाळा होती. तिला ना तळ ना डोलकाठी. तरी तिच्या फरशीला डेक म्हणत, आणि त्या फरशीवर निकृष्ट अन्न नि शिव्या खाणारी पोरे लोअर डेकचीच.

आणि आपले सामान्य उतारू? त्यांच्या वाट्याला कोणत्या डेकाचे नाव आले? कोणत्याच नाही. त्यांच्या तिकिटावर नुसते 'डेक' असे असे. मुंबईहून बसरा, मोंबासा, जेद्दा येथे जाणाऱ्या हजारोंना पहिला, दुसरा असे वर्ग नव्हते. ते 'डेक पॅसेंजर'. वळकटी पसरावी, शिदोरी सोडावी, शेजाऱ्याच्या ट्रंकेला पाय टेकावा. १८८७ च्या कायद्याच्या नावातच 'नेटिव्ह पॅसेंजर' हे शब्द होते, आणि त्यात माणशी जागेचा हिशेब मांडला होता. स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या कायद्याने 'नेटिव्ह' कुठेही न आणता 'अनबर्थ्ड पॅसेंजर' म्हटले, म्हणजे ज्याला निजायला फळी नाही असा उतारू. शब्द सभ्य आहे. पाठ मात्र लोखंडालाच टेकायची.

सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या वालचंद हिराचंदांनी नि त्यांच्या सिंदिया कंपनीच्या भागीदारांनी ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला 'लॉयल्टी' ही आगबोट धाडली. आपला नौकानयन दिन त्याच तारखेचा. ती बोट मूळची पॅसिफिक महासागरातली 'एम्प्रेस ऑफ इंडिया', मध्यंतरी ग्वाल्हेरच्या महाराजांनी इस्पितळ-जहाज म्हणून घेतलेली. मालक हिंदी झाले, निशाण बदलले. डेकांची नावे मात्र साहेबांची होती तीच राहिली. ती बदलावीत असे कोणाच्या मनातही आले नसावे. सारंग, टंडेल, सुखाणी, खलाशी ही माणसांची नावे आपल्या किनाऱ्यावरच्या बोलीत नांदत होती, आणि त्यांतले कितीतरी रत्नागिरीकडचे होते. त्यांनी उभ्या आयुष्यात जे डेक धुतले त्यांची नावे इंग्रजीच.

मी स्वतः आगबोटीत बसलो तो एकदाच, १९६४ साली, एका मित्राच्या लग्नासाठी मुंबईहून रत्नागिरीला. कोकणच्या बोटींवर वर्गांची नावे अपर डेक नि लोअर डेक. मी लोअर डेकचे तिकीट काढले. वरच्याचे पैसे होते, पण आबांना जाऊन तीनच वर्षे झाली होती आणि 'अपर डेक' हे शब्द तिकीट-खिडकीवर तोंडातून निघेनात. भाऊच्या धक्क्यावर फळी टाकताच चाकरमान्यांची जी झुंबड उडाली ती पाहून मी बाजूला उभा राहिलो. माणूस आत शिरायच्या आधी त्याची वळकटी उडत आत जाई, आणि जेथे पडे तेथे त्याचे बिऱ्हाड. मला जागा मिळाली ती इंजिनाच्या अंगाला. खाली तेलाचा वास, फणसांचा वास, कोंबड्या. दुपारी मी वर जाऊन पाहिले. वर कनातीखाली खरोखरच छान वारा होता. मला वाटले, मास्तर बरोबर होते. वर म्हणजे वरच. मग मान उचलली तर त्याही डेकाच्या डोक्यावर एक लहानसा सज्जा, आणि त्यावर कप्तान शुभ्र पोशाखात येरझारा घालीत होता. तेव्हा मी ते पाहिले, पण त्याचा अर्थ लावला नाही. अर्थ लावायला आणखी चौतीस वर्षे आणि नववीतला एक पोरगा लागला.

या किनाऱ्यावरच्या बोटींबद्दल लिहिताना 'रामदास'ची आठवण टाळता येत नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. ती बातमी आष्ट्याला आली तेव्हाची गोष्ट वडील सांगत. सोप्यात वर्तमानपत्र वाचून झाले, सगळे गप्प होते. आबांनी एकच प्रश्न विचारला, "खालच्या डेकाला ताडपत्र्या बांधल्या हुत्या का?" पावसाळ्यात बाजूने झड येते म्हणून कनाती सोडतात, आणि कनाती सोडल्या की आतल्या माणसाला उडी टाकायला वाट राहत नाही, हे त्या सोप्यात त्यांच्याशिवाय कोणाच्या ध्यानात येणे शक्य नव्हते. त्यांना कोणी उत्तर दिले नाही. पण वडील म्हणत, त्या दिवशी कोणी हसलेही नाही.

तर आबांचे पत्र पुन्हा वाचू. अपर डेक: म्हणजे सांगाड्याचा शेवटचा अखंड डेक, त्याच्या वर छप्पर. उकाडा: इराणच्या आखातातला उन्हाळा, लोखंडी पत्र्याखाली दाटीने निजलेले शिपाई, वारा येणार तो बाजूच्या गवाक्षांतून. डोक्यावर बूट: वरच्या डेकावर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या खोल्या नि त्यांची शतपावलीची जागा, रात्री जेवणानंतर ते फिरणार. पत्रातले एकही अक्षर वावगे नव्हते. जहाजावरच्या कोणीतरी जी पाटी त्यांना वाचून दाखवली तीच त्यांनी प्रामाणिकपणे घरी कळवली होती. चूक असलीच तर ती भाषांतराची, आणि ती आमच्या सोप्यात झाली.

तो १९९८ चा कागद मी शाळेतून थेट पारावर नेला. आबांची थट्टा करणाऱ्यांपैकी एकच म्हातारा तेव्हा उरला होता, नव्वदीच्या आतबाहेरचा. त्याला दिसत कमी होते, म्हणून मी त्याचे बोट धरून कागदावरून फिरवले: हा बोट डेक, हा शतपावलीचा, असे मोजत मोजत सहाव्या रेघेवर आणून थांबवले. म्हटले, "तात्या, हा अपर डेक."

तात्या बराच वेळ बोटाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "म्हंजी वर मानसं हुती."

"होती."

"आन् आमी हसत हुतो." त्यांनी चंची काढली, पान लावले, ते खायचे विसरून हातातच धरले. थोड्या वेळाने म्हणाले, "मग त्ये दुसरंबी खरं आसंल."

मी विचारले, दुसरे कोणते? तेव्हा तात्यांनी सांगितले, की एकदा गुऱ्हाळावर रात्री रस आटत असताना आबा काहिलीकडे बघत म्हणाले होते, बगदादच्या नदीत लोक असल्याच गोल काहिलीतून पैलतीराला जातात. मात्र ती लोखंडाची नसते, बुट्टीसारखी विणलेली असते आणि वरून डांबर फासलेले असते. गुऱ्हाळावरची माणसे त्यावरही हसली होती. बुट्टीत बसून कोणी नदी ओलांडतो होय? आबा उठून गेले होते.

मी तात्यांना म्हटले, तेही खरे आहे. त्या बोटीला तिकडे कुफ्फा म्हणतात, ती वाटोळी, विणलेली, डांबर फासलेली असते, आणि तैग्रिस नदीवर हजारो वर्षे तिच्यातून माणसे नि माल ने-आण होत आला. तात्यांनी विचारले, तिच्यात किती माणसे बसतात? मी म्हटले, मोठी असली तर वीस सुद्धा.

"आपल्या काहिलीपरीस मोटी की," तात्या म्हणाले, आणि पान तोंडात टाकले.